सुरतेस उतरलेला विद्यार्थी : आमच्या चरित्रवाङ्मयातील एक उणीव

चरित्रवाङ्मयात काही स्थळांना तीर्थाचे माहात्म्य प्राप्त होते. चरित्रनायकाच्या जन्मग्रामापेक्षाही अधिक भक्तिभावाने त्या स्थळांचा उल्लेख होतो. कारण तेथे त्याच्या आयुष्याचा ओघ वळला, अशी चरित्रकाराची श्रद्धा असते. आचार्य विनोबा भावे यांच्या चरित्रांत हा मान सुरतेच्या रेल्वे स्टेशनास मिळालेला आहे. विनोबांवर लहानमोठी जी पुस्तके मराठीत निघाली, त्यांपैकी बहुतेकांत हे स्टेशन येते आणि बहुतेकांत ते एकाच रीतीने येते. ती रीत कोणती, तीत काय सुटते आणि जे सुटते त्यामुळे आपल्या घरांतील तरुण मुलांचे कोणते नुकसान होते, याचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रसंग असा सांगण्यात येतो. २५ मार्च १९१६ रोजी बडोदे कॉलेजातील विनायक नरहर भावे हा वीस वर्षांचा विद्यार्थी इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस जावयास निघाला. गाडी सुरतेस आली. विनायक व त्याचे दोन सोबती मुंबईच्या गाडीतून उतरले आणि तापीखोऱ्यातून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने काशीच्या वाटेस लागले. आपण परीक्षेस न जाता अन्यत्र जात आहोत, परंतु कोठेही गेलो तरी आपल्या हातून वावगे काही होणार नाही, असा भरवसा त्याने पत्राने वडिलांस दिला. येथे चरित्रकार प्रकरण संपवितो. पुढील प्रकरण उघडते ते ७ जून १९१६ रोजी, अहमदाबादेजवळ कोचरबच्या आश्रमात, गांधीजींच्या पहिल्या भेटीने.

या कथनात असत्य काहीच नाही. तथापि सत्य घटनासुद्धा अशा तऱ्हेने सांगता येते की, तिच्यातून निघणारा अर्थ असत्य व्हावा. सुरतेच्या स्टेशनावर एक विद्यार्थी आपली विद्या टाकून गेला व त्यानंतर तो मोठा झाला, असा ग्रह वाचकाच्या मनावर उमटतो. एका गाडीत विद्या, दुसऱ्या गाडीत जीवन. आणि थोर पुरुष तो, जो योग्य वेळी गाडी बदलतो. हे चित्र मनोहर आहे. परंतु ज्या ग्रंथाचा विषय एका विद्वान पुरुषाचे आयुष्य हा आहे, त्या ग्रंथाने ते रेखाटावे हे आश्चर्य होय.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा असता तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु तो घराघरांतला आहे. जत्रेच्या अथवा पालखीच्या निमित्ताने देवस्थानाच्या अग्रशाळेत गणगोत एकत्र जमले, महाप्रसादाची पंगत उठली आणि मंडळी ओसरीवर टेकली, म्हणजे तरुणांची विचारपूस सुरू होते. एखादा मुलगा सांगतो की, आपण तत्त्वज्ञान घेऊन, वा मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. होत आहोत. क्षणभर कोणी बोलत नाही. मग एखादी वृद्धा, तिच्या मनात काळजीखेरीज दुसरे काही नसते, कोंकणीत विचारते, ‘पुता, हें शिकून तूं कितें करतलो?’ या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर नसते. ओसरीवरच्या वडीलधाऱ्यांजवळही नसते. परंतु त्यांनी चरित्रे वाचलेली असतात. त्यांतला एक म्हणतो, ‘अहो, विनोबांनी तर परीक्षाच सोडली, पदवीत काय आहे?’ दुसरा म्हणतो, ‘ते विनोबा होते, तुम्हांआम्हांला पोट आहे.’ दोन्ही उत्तरे सुरतेच्या त्याच स्टेशनावरून निघालेली आहेत. मुलाच्या हाती एकही लागत नाही.

तेव्हा चरित्रकाराने जे प्रकरण मिटले ते पुन्हा उघडून पाहणे प्राप्त आहे. गाडीतून उतरलेल्या त्या विद्यार्थ्याच्या गाठोड्यात काय होते?

प्रथम घर पाहावे. वडील नरहरराव हे विज्ञानाकडे ओढा असलेले गृहस्थ. बडोद्यास त्यांची नोकरी होती आणि कापडाचे रंगकाम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मुलाने आधुनिक शिक्षण घ्यावे ही त्यांची इच्छा. म्हणून दुसरी भाषा म्हणून विनायकाने संस्कृत न घेता फ्रेंच घेतली. आई रुक्मिणीबाई भाविक. तिला गीता समजून घेण्याची ओढ, परंतु संस्कृत येत नव्हते. मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तीही तिला कठीण वाटली. आणि मग तूच का लिहीत नाहीस, असे तिने त्यालाच म्हटले. ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु तिचा सुरतेच्या स्टेशनाशी असलेला संबंध क्वचितच दाखविला जातो. जो मुलगा काशीच्या गाडीत बसला, त्याच्याजवळ घरी संस्कृत शिकण्याची अपुरी राहिलेली इच्छा होती, कॉलेजात मिळालेली फ्रेंच व इंग्रजी होती आणि आईने घातलेले एक काम होते. त्याने आपली प्रशस्तिपत्रके पूर्वीच चुलीत जाळली होती; आणि तेही आईच्या समक्ष. जळाला तो कागद. विद्या त्या चुलीत गेली नाही, हे पुढील हकीकतीवरून स्पष्ट होते.

काशीस तो काय करीत होता? एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवीत होता. दरमहा वेतन दोन रुपये, आणि तेवढेच त्याने मागितले होते. म्हणजे ज्या शिक्षणाकडे पाठ फिरवून तो निघाला, त्याच शिक्षणाने त्याला परक्या गावी पहिला घास दिला. उरलेला वेळ संस्कृतच्या अध्ययनात जात होता. आणखी एक गोष्ट आहे, जी लहान पुस्तकांतून बहुधा गाळली जाते. बरोबर आलेल्या सोबत्यांपैकी एक जण काशीस आजारी पडला आणि तेथेच वारला. गंगेच्या काठी त्याचा अंत्यसंस्कार विनोबांनी आपल्या हाताने केला. सुरतेस उतरलेल्या मुलांपैकी एकाचे आयुष्य असे दोन-तीन महिन्यांत संपले. ही घटना ज्या चरित्रात नाही, त्या चरित्राने सुरतेच्या स्टेशनाचा गौरव करू नये असे आमचे मत आहे; कारण वळणाची किंमत झाकून त्याची थोरवी सांगणे हे तरुण वाचकाशी प्रामाणिकपणाचे नव्हे.

पुढचा दाखला अधिक निर्णायक आहे. आश्रमात येऊन वर्ष पुरे होते न होते, तोच विनोबांनी गांधीजींजवळ रजा मागितली. कशासाठी? अध्ययनासाठी. ते वाईस गेले आणि प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी केवलानंद सरस्वती, यांच्याजवळ उपनिषदे, गीता आणि शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे यांचे अध्ययन त्यांनी केले. १९१८ च्या आरंभी ते आश्रमात परतले. परीक्षा चुकविणारा विद्यार्थी शिक्षण चुकवीत नव्हता; उलट मिळत होते त्याहून अधिक कठीण शिक्षण तो शोधीत होता. ज्या चरित्रात सुरतेस पूर्ण प्रकरण आणि वाईस एक ओळ मिळते, त्याचा तोल गेला आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. सुरतेस त्याने एक गोष्ट नाकारली. वाईस एक गोष्ट स्वीकारली. नाकारण्याला नाट्य असते, स्वीकारण्याला ते नसते. म्हणून चरित्रकार पहिल्यापाशी रेंगाळतो आणि दुसऱ्यापासून घाईने पुढे जातो.

वाईच्या त्या वर्षाचे फळ पुढे चौदा वर्षांनी दिसले. ७ ऑक्टोबर १९३० पासून ६ फेब्रुवारी १९३१ पर्यंत ‘गीताई’ची रचना झाली आणि १९३२ साली ती प्रसिद्ध झाली. आई १९१८ सालीच गेली होती. जे काम तिने घातले होते ते तिच्या पश्चात पुरे झाले आणि आज आपल्या कित्येक देवघरांत ते पुस्तक पोथीच्या जोडीने ठेवलेले असते. अशा पुस्तकाला ‘विद्या टाकून गेलेल्या’ माणसाचे पुस्तक म्हणणे शोभत नाही.

येथपर्यंत जे सांगितले त्यावर कोणी आक्षेप घेईल की, विनोबा पदवीधर नव्हतेच. मग पदवी घेतलेल्या मुलाला त्यांच्यापासून काय बोध? आक्षेप रास्त आहे. म्हणून ज्या गाडीत विनोबा बसले त्याच तापीखोऱ्याच्या मार्गावर, सुरतेहून भुसावळकडे जाताना लागणाऱ्या अंमळनेर या गावाकडे वाचकांनी दृष्टी वळवावी. तेथे प्रताप शेठजींच्या उदारतेने तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले होते. पालगडचा पांडुरंग सदाशिव साने हा तरुण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी तेथे आला, एम.ए. झाला आणि १९२४ पासून १९३० पर्यंत तेथील शाळेत शिक्षक राहिला. १९३० साली नोकरी सोडून तो सत्याग्रहात उतरला. तत्त्वज्ञानाची पदवी अखेर तुरुंगाच्या दारात गेली, असे त्या वेळी एखाद्या नातलगाने म्हटले असल्यास त्याला दोष देता येणार नाही.

परंतु १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात काय घडले ते पाहावे. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा रविवार, अठरा अध्याय. बोलणाऱ्याने काही लिहून आणलेले नव्हते. ते सारे शब्द टिपून घेतले साने गुरुजींनी. लघुलेखन जाणणारा कारकून तेथे असता तर त्याने ध्वनी टिपले असते. परंतु कर्म, विकर्म आणि अकर्म यांतील भेद कोठे बदलतो, वाक्याचा भार कोणत्या पदावर पडतो, हे जाणून लिहावयास तत्त्वज्ञान वाचलेला आणि मराठीवर हुकमत असलेला माणूस लागतो. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज भारतातील अनेक भाषांत गेलेले आहे. त्याच्या निर्मितीस एक पदवी नाकारलेला आणि एक पदवी घेतलेला, असे दोघे लागले. अंमळनेरला ज्या दिवशी साने एम.ए.चा अभ्यास करीत होते, त्या दिवशी ‘हें शिकून कितें करतलो’ या प्रश्नाचे हे उत्तर त्यांना किंवा त्यांच्या आप्तांना देता आले असते काय? मुळीच नाही. तरीही उत्तर होते, आणि ते त्या शिक्षणाच्या पोटातूनच आले.

सुरतेचा हा धडा विसाव्या शतकाचा नव्हे. त्याच गावाने तो सत्तर वर्षे आधीही दिला होता. मुंबईच्या विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तेथून १८६२ साली पहिले चार बी.ए. बाहेर पडले. रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. त्यांपैकी दोघे सारस्वत होते, ही गोष्ट आपल्या समाजात अभिमानाने सांगितली जाते. पदवी म्हणजे मानाची ठरलेली वाट, ही समजूत त्या पिढीपासून रूढ झाली. कारण न्यायासन, अध्यापन आणि वकिली यांना त्या वेळी पदवीधर हवे होते आणि पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. परंतु विद्यापीठाच्याही आधी ज्याने भाषेचा अभ्यास केला त्याच्यापुढे अशी कोणतीच वाट आखलेली नव्हती. असा एक मराठी माणूस १८४० नंतरच्या वर्षांत सुरतेस सरकारी इंग्रजी शाळेत अध्यापक होता. त्याचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबा १८१४ साली मुंबईस जन्मले. १८३६ साली, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापून निघाले आणि त्या व्याकरणाने पुढे त्यांना मराठीचे पाणिनी ही पदवी मिळवून दिली. ही पदवी कोणत्याही विद्यापीठाची नव्हती. व्याकरणकाराचा व्यवसाय तो कोणता? माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक, मग मुंबईस अध्यापक, मग सुरत. सुरतेस गुजराती शाळेचे दुर्गाराम मंछाराम मेहताजी त्यांस भेटले आणि २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दामोदरदास आणि दोलतराम अशी ‘द’ने आरंभ होणाऱ्या नावांची मंडळी तीत पुढे होती. मंत्रतंत्राने चमत्कार करून दाखवितो म्हणणाऱ्यांस या सभेने जाहीर आव्हान दिले. सभेची धर्मविषयक सर्व मते आपल्या वाचकांस मान्य होतील असे नाही. आम्हांसही ती सर्व मान्य नाहीत. परंतु शब्दाचा अर्थ नेमका काय, या एकाच प्रश्नाचा ज्याने ध्यास घेतला तो माणूस पुढे समाजातील रूढ शब्दांनाही तोच प्रश्न विचारू लागतो, एवढे येथे ध्यानात घ्यावे. व्याकरण आणि सभा यांत वाटते तेवढे अंतर नाही.

दादोबांची पुढील हकीकत अधिक अनपेक्षित आहे. १८४६ च्या सुमारास ते मुंबईस परतले, शिक्षक तयार करण्याचे काम त्यांनी केले. १८४८ साली स्थापन झालेल्या उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे ते पहिले अध्यक्ष झाले. आणि १८५२ साली हा व्याकरणकार अहमदनगरकडे डेप्युटी कलेक्टर झाला. तेथे भिल्लांचे बंड मोडण्यात त्यांनी भाग घेतला आणि रावबहादुर हा किताब मिळविला. ज्या समीक्षकाला आपला सिद्धांत सोपा ठेवावयाचा आहे त्याने हा भाग गाळावा. आम्ही तो गाळू शकत नाही. विद्या माणसाबरोबर अनपेक्षित स्थळी जाते, याचा अर्थ ती नेहमी चांगल्याच कामी लागते असा नव्हे. सुरतेस लोकांना प्रश्न विचारणारा दादोबा नगरास सरकारचा हात झाला. हे दोन्ही दादोबाच, आणि खऱ्या चरित्रात दोघांनाही जागा हवी. नोकरीतून मोकळे झाल्यावर मात्र ते आपल्या मूळ विषयाकडे वळले आणि १८६५ साली मोरोपंतांच्या ‘केकावली’वरील त्यांची ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका बाहेर आली. तिला त्यांनी आपल्या आईबापांची नावे दिली.

दादोबांचे आत्मचरित्र अपुरे आहे. मंगेशीच्या परिसरातील प्रियोळचे सुपुत्र, संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी त्यास पुढील चरित्राची जोड देऊन १९४७ साली ते प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाची थोरवी अशी की, नायकाने आपणास कोठे वळावयाचे हे आधीच ठाऊक होते असा आव त्यात आणलेला नाही. एक नोकरी, मग दुसरी. एक गाव, मग दुसरे. कोणी बोलाविले म्हणून गेलो, गेलो तेथे हे माणूस भेटले. प्रियोळकरांनीही संपादक म्हणून या विस्कळीतपणास नियतीचे तेज चढविले नाही. साधनांवर साधने ठेवून ते शांतपणे पुढे गेले. विनोबांच्या लोकप्रिय चरित्रांत जे सुटले ते येथे आहे. दोहोंतील फरक नायकांचा नव्हे, लेखनाच्या शिस्तीचा आहे.

आता पदवी घेऊन वाट चुकलेल्या, किंवा लोकांच्या दृष्टीने चुकलेल्या, एका सारस्वताचे उदाहरण घेऊ. काकासाहेब कालेलकर यांचे घराणे मूळचे सावंतवाडीकडील कालेलीचे. जन्म साताऱ्यास, १८८५ चा. फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन ते १९०७ साली बी.ए. झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेस दुभंगली. टिळकांच्या बाजूचे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मुंबईस निघाले, त्यात कालेलकरांनी काम केले; मग बडोद्यास गंगनाथ विद्यालयात ते शिक्षक झाले. सरकारी रोषामुळे ते विद्यालय बंद पडले आणि १९१२ साली हा पदवीधर हिमालयाकडे निघाला. पायी हिंडून परत आल्यावर शांतिनिकेतन, तेथे गांधीजींची भेट आणि अखेर साबरमती. येथे जे घडले त्याची अपेक्षा फर्ग्युसनच्या कोणत्याही प्राध्यापकाने केली नसती. हा मराठी माणूस गुजराती गद्याचा शैलीकार झाला. गांधीजींनी त्याला ‘सवाई गुजराती’ म्हटले. गुजराती शुद्धलेखन निश्चित करणारा जो ‘जोडणीकोश’ गुजरात विद्यापीठाने १९२९ साली काढला, त्याचे काम ज्यांच्यावर सोपविले गेले त्यांत ते होते. आणि १९६५ साली साहित्य अकादमीचा गुजराती भाषेसाठीचा पुरस्कार त्यांच्या ‘जीवनव्यवस्था’ या ग्रंथास मिळाला. दादोबांनी सुरतेच्या मुलांना शिकविले, कालेलकरांनी गुजरातला ऱ्हस्वदीर्घ लावून दिले. भाषेचा अभ्यास सरहद्दीच्या कोणत्या बाजूस फळास येईल, हे शिकताना सांगता येत नाही.

परंतु फळ येतेच, असेही वचन कोणी देऊ नये. सुरतेचा स्वतःचा कवी नर्मद याची हकीकत या ठिकाणी औषधासारखी घ्यावी. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या नर्मदाशंकराने २३ नोव्हेंबर १८५८ रोजी शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. एकट्याच्या बळावर त्याने ‘नर्मकोश’ रचला आणि १८७३ साली तो ग्रंथरूपाने पुरा केला. दक्षिण गुजरातच्या विद्यापीठाला आज त्याचे नाव आहे. तथापि चोवीस वर्षांनी, १८८२ साली, कर्जाने गांजलेल्या या कवीला पुन्हा नोकरी पत्करावी लागली आणि १८८६ साली तो गेला. त्याचा निश्चय चुकला असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या भाषणात १८५८ चा नर्मद येतो, त्या भाषणात १८८२ चा नर्मदही आला पाहिजे.

या सर्व उदाहरणांवरून काय निष्पन्न होते? पदवीने वाट दिली नाही. विनोबांना तर पदवीच नव्हती. ज्याने त्याने जी वाट धरली ती आधी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. परंतु त्या वाटेवर जे हाती उपयोगी पडले ते पूर्वीच्या अभ्यासातले होते: काशीस इंग्रजी, धुळ्यास तत्त्वज्ञान, सुरतेस व्याकरण, अहमदाबादेस भाषेची जाण. तेव्हा पदवीला वाट समजणारे वडीलधारे चुकतात आणि वाट सापडली नाही म्हणून अभ्यासाला व्यर्थ ठरविणारेही चुकतात. अभ्यास ही शिदोरी आहे. शिदोरी कोणत्या मुक्कामास सोडावी लागेल हे घरातून निघताना कळत नाही. म्हणून कोणी ती मागे ठेवून निघत नाही. मात्र शिदोरी बांधावी लागते. नुसते नाव लावून तीन वर्षे काढणाऱ्या मुलास विनोबांचा आधार घेता येणार नाही. कारण विनोबांनी परीक्षा सोडली, अभ्यास सोडला नाही, आणि आपणांपैकी पुष्कळांनी नेमके उलट केलेले असते.

चरित्रकारांस आमचे म्हणणे एवढेच की, वळणाचा क्षण रंगवू नये असे नव्हे. परंतु नायकाने गाडी बदलली हे सांगताना त्याच्या हातात काय होते तेही सांगावे. त्याने कोणती पुस्तके वाचली होती, कोणाजवळ बसून शिकला, कोणती भाषा त्याला येत होती, काय अर्धे राहिले होते, बरोबर कोण होते आणि त्यांचे पुढे काय झाले, या गोष्टी शोधण्यास श्रम पडतात. परंतु तरुण वाचकास उपयोग त्यांचाच असतो. क्षणाचे अनुकरण करता येत नाही. अभ्यासाचे करता येते.

ज्या सुरतेवरून हा विचार सुरू झाला, ती आज मराठी माणसांची मोठी वस्ती असलेली नगरी आहे. तापीखोऱ्याच्या त्याच लोहमार्गाने खानदेशातून आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत राहतात. त्यांच्यापैकी पुष्कळांचे पोट कापडाच्या धंद्यावर आहे आणि त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. त्या घरांतून, तशीच आपल्या मुंबईच्या, गोव्याच्या, कारवारच्या घरांतून, कलाशाखेकडे वळणारी मुले आणि मुली आजही आहेत. त्यांना विनोबा होण्याचा उपदेश नको आहे. त्यांना हवी आहे ती त्यांच्यासारख्याच सामान्य माणसांची खरी हकीकत: इतिहास शिकलेली एखादी मावशी दस्तऐवज वाचण्याच्या कामात कशी शिरली, संस्कृत शिकलेला एखादा काका छापखान्यात मुद्रिते तपासता तपासता संपादक कसा झाला, मधली वर्षे त्यांनी कशी काढली, कोणते काम पत्करले आणि कोणते नाकारले. अशी माणसे प्रत्येक कुळात असतात. त्यांच्यावर कोणी चरित्र लिहीत नाही आणि तीही आपण होऊन बोलत नाहीत, कारण आपली वाट ठरवून धरलेली नव्हती याचा त्यांना थोडा संकोच वाटतो.

तो संकोच त्यांनी सोडावा. पुढील जत्रेस अग्रशाळेच्या ओसरीवर तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल. त्या वेळी मुलाने उत्तर देण्याची वाट न पाहता अशा एखाद्या मावशीने किंवा काकाने आपली हकीकत प्रथम सांगावी, मराठीत वा कोंकणीत, आणि शक्य तर घरी गेल्यावर लिहूनही ठेवावी. आमच्या चरित्रवाङ्मयातील उणीव थोरांच्या आणखी चरित्रांनी भरून निघण्यासारखी नाही. अशा हकीकतींनी मात्र ती काही अंशी भरून निघेल.